शाँतिई रेसकोर्स

शाँतिई रेसकोर्स हे फ्रान्सच्या उत्तर भागातील ओ-द-फ्रान्स प्रदेशात, वाझ विभागातील शाँतिई या गावी असलेले घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आहे. पॅरिसच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या या मैदानावर १५ मे १८३४ रोजी पहिली अधिकृत शर्यत झाली. येथे केवळ सपाट मैदानावरील, म्हणजे अडथळ्यांविना होणाऱ्या शर्यतींना महत्त्व आहे. तीन वर्षांच्या घोड्यांसाठीची 'प्री द्यु जॉकी क्लब' आणि तीन वर्षांच्या घोड्यांपैकी केवळ माद्यांसाठीची 'प्री द दियान' या फ्रान्समधील दोन अभिजात शर्यती दरवर्षी जून महिन्यात येथे होतात. त्यांना अनुक्रमे फ्रान्सची 'डर्बी' आणि फ्रान्सची 'ओक्स' असे संबोधले जाते.

मैदानाच्या एका बाजूस अठराव्या शतकात बांधलेली राजेशाही पागा आणि त्यामागे शाँतिईचा राजवाडा असल्यामुळे हे जगातील सर्वाधिक देखण्या शर्यत मैदानांपैकी एक मानले जाते. गावाभोवतीच्या जंगलात व माळांवर फ्रान्समधील सर्वांत मोठे शर्यतीच्या घोड्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९९० च्या दशकात हे मैदान बंद होण्याच्या मार्गावर होते. त्यानंतर झालेल्या नूतनीकरणामुळे ते टिकले. २०१६ व २०१७ या दोन वर्षी युरोपातील सर्वांत प्रतिष्ठेची 'प्री द लार्क द त्रियाँफ' ही शर्यतही येथेच पार पडली.

## स्थान आणि परिसर

शाँतिई हे वाझ विभागातील लहानसे शहर असून त्याच्या दक्षिणेस शाँतिईचे विस्तीर्ण जंगल पसरले आहे. राजवाडा, त्याची उद्याने, पागा, शर्यतीचे मैदान आणि जंगल हे सर्व एकाच ऐतिहासिक जहागिरीचे भाग आहेत. मैदान गाव आणि जंगल यांच्या मधोमध आहे. प्रेक्षासज्जांत बसलेल्या प्रेक्षकाला समोर हिरवळ, त्यापलीकडे पागेची लांबलचक दगडी इमारत आणि बाजूला राजवाड्याचे मनोरे असे दृश्य दिसते. स्थानिक लोक या हिरवळीला 'पलूझ' म्हणतात. मैदानाच्या जन्मापूर्वीपासून ती पागेसमोरील मोकळी जागा होती.

पॅरिसहून येणारा लोहमार्ग १८५९ मध्ये शाँतिईपर्यंत पोहोचला. पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकातून शाँतिई-गुव्ह्यु स्थानकापर्यंतचा आगगाडीचा प्रवास सुमारे २५ मिनिटांचा आहे. तेथून मैदानापर्यंत पायी जाता येते.

## इतिहास

### पार्श्वभूमी : काँदे घराण्याची पागा

शाँतिईची जहागीर सतराव्या शतकापासून फ्रेंच राजघराण्याच्या बुर्बाँ-काँदे या शाखेकडे होती. पंधराव्या लुईच्या कारकिर्दीत १७२३ ते १७२६ या काळात मुख्यमंत्री असलेला सातवा काँदे राजपुत्र लुई-हेन्री याने १७१९ मध्ये येथे नवी पागा बांधण्यास आरंभ केला. जॉन लॉ याच्या प्रसिद्ध आर्थिक योजनेत त्याने मोठी संपत्ती मिळवली होती व तिचा काही भाग या बांधकामावर खर्च झाला. स्थापत्यकार जाँ ओबेर याने उभारलेली ही इमारत 'ग्रांद एक्युरी', म्हणजे 'थोरली पागा', या नावाने ओळखली जाते. ती १८६ मीटर लांब असून तिच्या मध्यभागी उंच घुमट आहे. तीत सुमारे २४० घोडे आणि शिकारी कुत्र्यांचे मोठे कळप ठेवण्याची सोय होती.

मृत्यूनंतर आपण घोड्याच्या जन्माला येऊ अशी लुई-हेन्री याची समजूत होती आणि म्हणून त्याने आपल्या दर्जाला साजेसा तबेला आधीच बांधून ठेवला, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. काँदे घराण्याची शिकारीची आवड आणि पाहुण्या राजेरजवाड्यांसमोर वैभव मिरवण्याची तत्कालीन रीत ही या इमारतीच्या भव्यतेची अधिक सरळ कारणे आहेत.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर राजवाड्याचा मुख्य भाग पाडून टाकण्यात आला. पागा मात्र घोडदळाला उपयोगी असल्याने वाचली. १८३० मध्ये शेवटच्या काँदे राजपुत्राचा मृत्यू झाला. त्याला वारस नव्हता. त्याने ही जहागीर आपला धर्मपुत्र हेन्री द ओर्लेआँ, म्हणजेच ओमालचा ड्यूक, याच्या नावे केली. राजा लुई-फिलिप याचा हा मुलगा त्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता.

### पहिली शर्यत

१८३० च्या सुमारास फ्रान्समध्ये इंग्लंडच्या धर्तीवर घोड्यांच्या शर्यती घ्याव्यात, असा विचार उच्चभ्रू वर्गात मूळ धरू लागला होता. पॅरिसमधील शाँ द मार्स येथील कवायतीच्या मैदानावर शर्यती होत असत. परंतु ती जमीन कठीण आणि धुळीची असल्याने घोड्यांच्या पायांना अपाय होई. नोव्हेंबर १८३३ मध्ये फ्रान्समधील अश्ववंशांच्या सुधारणेला उत्तेजन देणारी संस्था स्थापन झाली. पॅरिसमध्ये वाढलेला इंग्रज उमराव लॉर्ड हेन्री सेमूर हा तिचा पहिला अध्यक्ष होता. पुढच्याच वर्षी या संस्थेच्या सभासदांसाठी 'जॉकी क्लब' हे मंडळ सुरू झाले.

शाँतिईच्या जंगलात त्या काळी शिकारीसाठी येणाऱ्यांमध्ये रशियन राजपुत्र लाबानोव्ह याचा समावेश होता. शिकारीहून परतताना त्याच्या सोबतच्या स्वारांनी पागेसमोरच्या हिरवळीवर घोडे भरधाव सोडले आणि तेथील जमिनीचा लवचिकपणा पाहून ते चकित झाले, असे सांगितले जाते. वालुकामय मातीवर शतकानुशतके वाढलेले गवत असल्यामुळे पावसाचे पाणी तेथे साचत नसे आणि टापांना आधारही मिळे. हा शोध नव्या संस्थेच्या कानी गेला. ओमालचा थोरला भाऊ, ओर्लेआँचा ड्यूक फर्दिनां-फिलिप, हा शर्यतींचा उत्साही पुरस्कर्ता होता. त्याच्या पाठिंब्याने १५ मे १८३४ रोजी या हिरवळीवर पहिल्या अधिकृत शर्यती झाल्या.

### एकोणिसावे शतक

१८३६ मध्ये 'प्री द्यु जॉकी क्लब' ही शर्यत सुरू झाली. ती इंग्लंडमधील एप्सम डर्बीच्या नमुन्यावर बेतलेली होती. लॉर्ड सेमूर याच्या मालकीच्या फ्रँक या घोड्याने ती जिंकली. १८४३ मध्ये केवळ माद्यांसाठी 'प्री द दियान' सुरू झाली आणि नातिव्हा ही तिची पहिली विजेती ठरली. शर्यतीचे नाव रोमन पुराणकथांतील शिकारीची देवता डायना हिच्यावरून आले आहे. शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या शाँतिईला ते साजेसेच होते.

फ्रान्समध्ये शर्यतीच्या घोड्यांची निगा राखण्याचे ज्ञान त्या वेळी फारसे नव्हते. म्हणून मालकांनी इंग्लंडहून प्रशिक्षक, जॉकी आणि मोतद्दार बोलावले. सेमूर याचा प्रशिक्षक थॉमस कार्टर हा त्यांपैकी एक होता. त्याच्यामागोमाग आलेल्या कुटुंबांनी शाँतिईत पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केले आणि गावात इंग्रजांची वसाहत तयार झाली. त्यांच्यासाठी उभारलेले सेंट पीटर्स हे अँग्लिकन चर्च आजही गावात आहे. शर्यतीच्या व्यवसायातील अनेक इंग्रजी शब्द याच मार्गाने फ्रेंच भाषेत आले. तबेल्यात काम करणाऱ्या मोतद्दाराला फ्रेंचमध्येही 'लाड' असेच म्हणतात.

१८४८ च्या क्रांतीने लुई-फिलिप पदच्युत झाला व ओमालला इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. त्या वर्षीची प्री द्यु जॉकी क्लब व्हर्साय येथे घेण्यात आली. नेपोलियन तिसरा याच्या शासनाने १८५२ मध्ये ओर्लेआँ घराण्याला फ्रान्समधील मालमत्ता विकण्यास भाग पाडले, तेव्हा शाँतिईची जहागीर इंग्लंडमधील बँक व्यावसायिकांच्या नावे करण्यात आली. मालक परागंदा असतानाही मैदानावरील शर्यती चालू राहिल्या. लोहमार्ग सुरू झाल्यावर तर पॅरिसचे लोक मोठ्या संख्येने येऊ लागले.

१८७१ मध्ये, फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे, प्री द्यु जॉकी क्लब होऊ शकली नाही. त्याच वर्षी ओमाल फ्रान्सला परतला. त्याने स्थापत्यकार ओनोरे दोमे याच्याकडून राजवाड्याची पुनर्बांधणी करून घेतली. मैदानावरील प्रेक्षासज्जाही दोमे यानेच १८७९ मध्ये उभारल्या. लाकूड, लोखंड आणि विटा यांचा मेळ घालणाऱ्या या सज्जांचे मूळ स्वरूप पुढील नूतनीकरणांत शक्य तितके जपण्यात आले आहे.

ओमालची मुले त्याच्या हयातीतच वारली. १८८६ मध्ये त्याने राजवाडा, कलासंग्रह, पागा, जंगल आणि शर्यतीचे मैदान यांसह संपूर्ण जहागीर 'अँस्तित्यु द फ्रान्स' या विद्वत्संस्थेला दान केली. त्याच वर्षी राजघराण्यांतील वारसांना देशाबाहेर काढणारा कायदा झाला होता व ओमालला पुन्हा देश सोडावा लागला होता. १८८९ मध्ये त्याला परतण्याची अनुमती मिळाली आणि १८९७ मध्ये त्याचे निधन झाले. जहागीर अखंड राहावी या त्याच्या इच्छेमुळे मैदानाची जमीन बांधकामासाठी विकली गेली नाही. पॅरिसच्या परिसरातील इतर काही मैदाने विसाव्या शतकात शहराच्या विस्तारात नाहीशी झाली. शाँतिई मात्र त्या लोंढ्यातून वाचले.

### महायुद्धांचा काळ

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच फ्रान्समधील शर्यती थांबल्या. अनेक मोतद्दार व जॉकी सैन्यात गेले आणि बरेच घोडे लष्कराने ताब्यात घेतले. सप्टेंबर १९१४ च्या आरंभी जर्मन फौजा काही काळ शाँतिईपर्यंत पोहोचल्या होत्या. मार्नच्या लढाईनंतर त्या मागे हटल्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये सरसेनापती जोझेफ जोफ्र याने फ्रेंच सैन्याचे मुख्यालय शाँतिईत आणले. पॅरिसची जवळीक, लोहमार्ग आणि शर्यतींच्या हंगामासाठी बांधलेली मोठी हॉटेले यांमुळे हे गाव सोयीचे होते. शर्यतीच्या पाहुण्यांसाठी असलेल्या ग्राँ काँदे या हॉटेलात लष्करी कचेऱ्या भरल्या.

डिसेंबर १९१५ मध्ये येथेच दोस्त राष्ट्रांच्या सेनाधिकाऱ्यांची परिषद झाली व १९१६ मध्ये सर्व आघाड्यांवर एकाच वेळी चढाई करण्याचे ठरले. सॉमच्या लढाईचे बीज या परिषदेत होते. जोफ्र याला दूर केल्यानंतर १९१७ च्या आरंभी मुख्यालय शाँतिईतून हलवण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात जून १९४० मध्ये शाँतिई जर्मनांच्या ताब्यात गेले. या काळात फ्रान्समध्ये शर्यती पूर्णपणे थांबल्या नाहीत, परंतु प्री द्यु जॉकी क्लब व प्री द दियान या शर्यती पॅरिसजवळील लाँशाँ व ल त्रांब्ले येथील मैदानांवर घेतल्या गेल्या. युद्धानंतर त्या शाँतिईला परत आल्या.

### बंद होण्याचे सावट आणि पुनरुज्जीवन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मैदानाची स्थिती खालावत गेली. शर्यतींचे दिवस कमी होते, शतकभर जुन्या प्रेक्षासज्जांच्या देखभालीचा खर्च मोठा होता आणि पॅरिसच्या आसपास शर्यतीची अनेक मैदाने असल्याने खर्चात कपात करण्याचा दबाव वाढत होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास मैदान बंद करून दोन्ही अभिजात शर्यती अन्यत्र हलवण्याची चर्चा सुरू झाली.

शाँतिईसाठी हा प्रश्न वर्षातील दोन मोठ्या रविवारांपुरता नव्हता. मैदान बंद झाले तर त्याच्याशी जोडलेल्या प्रशिक्षण केंद्राचे महत्त्वही घटले असते. प्रशिक्षक, मोतद्दार, नालबंद, पशुवैद्य, खोगीर बनवणारे कारागीर, चारा पुरवणारे व्यापारी अशा अनेकांचा उदरनिर्वाह त्यावर होता. त्यामुळे शर्यत संस्था, अँस्तित्यु द फ्रान्स, स्थानिक व प्रादेशिक शासनसंस्था आणि अश्वपालक एकत्र आले. शाँतिईजवळच्या गुव्ह्यु येथील एग्लमाँ या ठिकाणी निवास व प्रशिक्षण तबेला असलेले चौथे आगाखान यांनी या प्रयत्नांत पुढाकार घेतला. २००० च्या दशकात प्रेक्षासज्जांची दुरुस्ती, नव्या सुविधांची उभारणी आणि परिसराची सुधारणा करण्यात आली. २००५ मध्ये आगाखान यांच्या पुढाकाराने शाँतिईच्या संपूर्ण जहागिरीचे जतन व विकास यांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले व राजवाडा, उद्याने आणि पागा यांच्या दुरुस्तीलाही गती आली.

२०१० च्या दशकाच्या प्रारंभी मैदानावर तंतुमिश्रित वाळूचा धावमार्ग सुरू झाला. गवताच्या मार्गावर हिवाळ्यात शर्यती घेणे कठीण असते. नव्या मार्गामुळे वर्षाच्या सर्व ऋतूंत शर्यती घेता येऊ लागल्या. एकेकाळी वर्षातून थोडेच दिवस गजबजणारे मैदान अशा रीतीने नियमित वापरात आले.

### लाँशाँची पाहुणी शर्यत

पॅरिसमधील लाँशाँ मैदानाच्या पुनर्बांधणीमुळे २०१६ आणि २०१७ या दोन वर्षी प्री द लार्क द त्रियाँफ शाँतिईला हलवण्यात आली. २०१६ मध्ये आयर्लंडमधील प्रशिक्षक एडन ओब्रायन यांच्या फाउंड या घोडीने, जॉकी रायन मूर यांच्या स्वारीखाली, २४०० मीटरचे अंतर २ मिनिटे २३.६१ सेकंदांत कापून विजय मिळवला. या शर्यतीच्या इतिहासातील तो विक्रमी वेळ होता. पहिले तीनही क्रमांक ओब्रायन यांच्याच घोड्यांनी पटकावले. २०१७ मध्ये प्रशिक्षक जॉन गॉस्डेन यांची एनेबल ही घोडी फ्रँकी देत्तोरी यांच्या स्वारीखाली विजयी झाली. एकदा बंद करण्याचा विचार झालेल्या मैदानाने दोन वर्षे युरोपातील सर्वांत मोठी शर्यत यशस्वीपणे पार पाडली.

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शर्यतींचे वेळापत्रक कोलमडले. त्या वर्षी प्री द्यु जॉकी क्लब आणि प्री द दियान या दोन्ही शर्यती ५ जुलै रोजी, एकाच दिवशी, प्रेक्षकांविना घेण्यात आल्या. मिशरिफ आणि फॅन्सी ब्लू हे अनुक्रमे विजेते ठरले.

## मैदानाची रचना आणि सुविधा

मैदानाचे क्षेत्रफळ सुमारे ६५ हेक्टर आहे. शर्यती उजव्या हाताने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, धावल्या जातात. लांब अंतराच्या शर्यतींत घोडे प्रेक्षासज्जांपासून दूर जंगलाच्या बाजूने जातात, राजवाड्याजवळील मोठे वळण घेतात आणि मग अंतिम सरळ मार्गावर येतात. हा सरळ मार्ग सुमारे ६०० मीटर लांब असून शेवटाकडे थोडा चढ आहे. आघाडी लवकर घेतलेला घोडा या चढावर थकतो. म्हणून येथे वेगाइतकेच जॉकीच्या संयमाला महत्त्व असते. १००० मीटरच्या वेगवान शर्यती वळण नसलेल्या सरळ मार्गावर होतात.

मैदानावरील मुख्य सुविधा पुढीलप्रमाणे आहेत :

* गवताचे धावमार्ग – सर्व प्रमुख शर्यती यांवर होतात. धावपट्टीच्या कडेचे कठडे सरकवून गवताचे वेगवेगळे पट्टे आळीपाळीने वापरले जातात, त्यामुळे जमिनीला विश्रांती मिळते.
* तंतुमिश्रित वाळूचा धावमार्ग – पाऊस व थंडीतही वापरण्याजोगा असल्याने हिवाळी शर्यतींसाठी उपयुक्त.
* प्रेक्षासज्जा – १८७९ च्या ऐतिहासिक सज्जा व त्यांना जोडून झालेल्या नव्या सोयी.
* पॅडॉक – शर्यतीपूर्वी घोडे फिरवण्याचे वर्तुळाकार अंगण. येथे प्रेक्षकांना घोड्यांची चाल व अंगयष्टी जवळून पाहता येते.
* वजनकक्ष – प्रत्येक जॉकीचे खोगिरासह वजन शर्यतीच्या आधी व नंतर येथे केले जाते.
* पलूझ – मैदानाच्या मधल्या हिरवळीचा भाग. मोठ्या शर्यतींच्या दिवशी येथे कुटुंबे शिदोरी घेऊन बसतात.

## प्रमुख शर्यती

### प्री द्यु जॉकी क्लब

तीन वर्षांच्या नर व मादी घोड्यांसाठी खुली असलेली ही शर्यत जूनच्या आरंभी होते. खच्ची केलेल्या घोड्यांना तीत भाग घेता येत नाही, कारण पुढील पिढ्यांसाठी उत्तम वंश निवडणे हा तिचा मूळ हेतू आहे. दीर्घकाळ तिचे अंतर एप्सम डर्बीप्रमाणे २४०० मीटर होते. २००५ मध्ये ते २१०० मीटर करण्यात आले. मध्यम अंतरावर वेग दाखवणाऱ्या घोड्यांना वंशवृद्धीच्या बाजारात अधिक मागणी असल्याने हा बदल झाला, असे त्याचे समर्थन करण्यात आले. डर्बीची परंपरा मोडली, अशी टीकाही झाली. नव्या अंतरावरील पहिली शर्यत शामार्दल याने जिंकली. त्याच वर्षी लाँशाँ येथील ग्राँ प्री द पारी ही शर्यत २४०० मीटरची करण्यात आली.

विजेत्यांमध्ये १८५५ चा मोनार्क विशेष उल्लेखनीय आहे. त्याचा पुत्र ग्लादियातर याने १८६५ मध्ये एप्सम डर्बीसह इंग्लंडचा तिहेरी मुकुट जिंकला आणि फ्रेंच अश्वपैदाशीला प्रथमच मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. अलीकडच्या काळातील पेंत्र सेलेब्र (१९९७), माँझ्यु (१९९९), दालाखानी (२००३) आणि एस इम्पॅक्ट (२०२३) या विजेत्यांनी त्याच वर्षी प्री द लार्क द त्रियाँफही जिंकली.

### प्री द दियान

तीन वर्षांच्या माद्यांसाठीची ही २१०० मीटरची शर्यत जूनच्या मध्यास रविवारी होते. १९७४ मध्ये इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या मालकीच्या हायक्लीअर या घोडीने ती जिंकली, तेव्हा राणी स्वतः उपस्थित होती. झारकावा (२००८) आणि ट्रेव्ह (२०१३) या दोन विजेत्यांनी त्याच वर्षी प्री द लार्क द त्रियाँफही जिंकली. ट्रेव्हने २०१४ मध्ये त्या विजयाची पुनरावृत्ती केली. शर्यतीइतकाच या दिवसाचा पेहराव प्रसिद्ध आहे. स्त्रिया नानाविध आकारांच्या टोप्या घालून येतात आणि वृत्तपत्रांत घोड्यांइतकीच छायाचित्रे टोप्यांची येतात.

### अन्य शर्यती

१००० मीटरची प्री द्यु ग्रो शेन, तीन वर्षांच्या माद्यांसाठीची प्री साँड्रिंगहॅम आणि २४०० मीटरची ग्राँ प्री द शाँतिई या येथील इतर महत्त्वाच्या शर्यती आहेत. प्री जाँ प्रा ही शर्यतही दीर्घकाळ शाँतिईत होत असे. २०१९ पासून ती नॉर्मंडीतील दोव्हिल येथे होते.

## प्रशिक्षण केंद्र

शाँतिई, गुव्ह्यु, लामोर्ले, कोय-ला-फोरे आणि आव्हिली-सें-लेओनार या शेजारच्या गावांत मिळून पसरलेल्या प्रशिक्षण केंद्रात सुमारे अडीच हजार घोडे असतात. शर्यतीच्या मैदानाचा वापर रोजच्या सरावासाठी केला जात नाही. त्यासाठी 'लेझ एग्ल' येथील गवताचे विस्तीर्ण माळ आणि जंगलातून काढलेले वाळूचे मार्ग आहेत. पहाट होताच मोतद्दार घोड्यांच्या रांगा घेऊन तबेल्यांतून निघतात. घोड्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून वाहने थांबतात. वाळूचे मार्ग दररोज सारखे करावे लागतात, कारण असमान जमिनीवर धावल्यास घोड्याच्या पायाच्या शिरा व सांधे दुखावण्याचा धोका असतो.

फ्रांस्वा माते, आलेक हेड, आंद्रे फाब्र, आलाँ द रॉयर-द्युप्रे आणि ट्रेव्हची प्रशिक्षक क्रिकेत हेड-मारेक हे या केंद्राशी संबंधित नामवंत प्रशिक्षक होत.

## प्रशासन आणि अर्थव्यवहार

मैदानाची मालकी अँस्तित्यु द फ्रान्सकडे असून शर्यतींचे संचालन 'फ्रान्स गालो' ही संस्था करते. शाँतिईखेरीज पॅरिस परिसरातील लाँशाँ, ओतई, सें-क्लू आणि नॉर्मंडीतील दोव्हिल ही मैदानेही तिच्या अखत्यारीत आहेत.

फ्रान्समध्ये १८९१ च्या कायद्याने शर्यतींवरील सट्टा 'पारी म्युत्युएल' या सामायिक निधीच्या पद्धतीपुरता मर्यादित करण्यात आला. या पद्धतीत सर्वांनी लावलेली रक्कम एकत्र होते, ठरावीक हिस्सा वजा केला जातो आणि उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. भारतातील रेसकोर्सवरील 'टोट' याच तत्त्वावर चालतो. वजा केलेल्या हिश्श्याचा काही भाग शर्यत संस्थांकडे परत येतो. बक्षिसे, मैदानांची देखभाल व अश्वपैदाशीला उत्तेजन हे सर्व मुख्यतः त्यातूनच चालते. त्यामुळे सट्ट्याची उलाढाल घटली की शाँतिईसारख्या मैदानांच्या खर्चावर लगेच ताण येतो.

## थोरली पागा आणि अश्व संग्रहालय

ग्रांद एक्युरीमध्ये १९८२ साली अश्वविद्यातज्ज्ञ ईव्ह बिएनेमे यांनी 'जिवंत अश्व संग्रहालय' सुरू केले. घोड्यांच्या विविध जाती, खोगीर-लगाम यांसारखी साधने आणि अश्वकौशल्याची प्रात्यक्षिके येथे पाहता येतात. नूतनीकरणानंतर २०१३ मध्ये त्याचे नव्या स्वरूपात उद्घाटन झाले. घुमटाखालील वर्तुळाकार जागेत घोड्यांचे खेळ होतात. १९८५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'अ व्ह्यू टू अ किल' या जेम्स बाँड चित्रपटातील काही प्रसंगांचे चित्रीकरण शाँतिईचा राजवाडा व ही पागा येथे झाले.

## भारत आणि महाराष्ट्राशी संबंध

शाँतिईच्या अलीकडच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान असलेल्या आगाखान घराण्याचा अश्वशर्यतींशी असलेला संबंध मुंबई आणि पुण्यातून सुरू झाला. पहिले आगाखान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इराणहून येऊन मुंबईत स्थायिक झाले. त्यांनी सोबत आणलेली घोड्यांची आवड पुढील पिढ्यांत टिकून राहिली. तिसरे आगाखान यांनी भारतातील शर्यतींत घोडे उतरवल्यानंतर १९२० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंड व फ्रान्समध्ये पैदास व शर्यतीचा व्यवसाय उभारला आणि एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली. पुण्यातील आगाखान पॅलेस ही वास्तू त्यांनीच बांधली. त्यांचे नातू चौथे आगाखान यांच्या घोड्यांनी प्री द्यु जॉकी क्लब अनेकदा जिंकली. १९६० मधील शार्लोत्सव्हिल हा त्यांपैकी पहिला आणि २०२२ मधील व्हादेनी हा त्यांच्या हयातीतील अखेरचा विजेता होय. फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथ्या आगाखानांचे निधन झाले.

एप्सम डर्बीच्या नमुन्यावर शाँतिईत प्री द्यु जॉकी क्लब सुरू झाली, त्याच परंपरेतून विसाव्या शतकात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी सुरू झाली. २४०० मीटरची ही शर्यत चार वर्षांच्या घोड्यांसाठी असून ती हिवाळी हंगामात होते. महालक्ष्मी रेसकोर्सप्रमाणेच शाँतिईचे मैदानही वस्तीच्या कुशीत टिकून राहिलेली विस्तीर्ण मोकळी जागा आहे.